एडिटर हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी कोण अडलंय ते बघा

निपाणी, खानापूर, चिकोडीकडून बेळगावात इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला येणाऱ्या मुलांकडे बऱ्याचदा जुना घेतलेला लॅपटॉप असतो. ४ जीबी रॅम आणि आत फिरती हार्ड डिस्क. त्यावर व्हीएस कोड, म्हणजे कोड लिहायचा एडिटर, उघडला की अक्षरं उशिरा उमटतात, मधेच विंडो पांढरी पडते, आणि सल्ला ठरलेला असतो: "विंडोज फॉरमॅट मारून घे की!" फॉरमॅटनंतर चार दिवस बरं वाटतं, कारण जुनी एक्स्टेन्शन्स (एडिटरला वरून जोडलेल्या जादा सोयी) आणि जुन्या फाइली दोन्ही गेलेल्या असतात. त्या परत भरल्या की दुखणंही परत येतं.

व्हीएस कोड हा एक प्रोग्रॅम दिसत असला तरी आत बऱ्याच प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारी कामं, असतात. त्याचा पाया क्रोमियम ब्राउझर आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) यांचा आहे. विंडो रंगवणारी प्रोसेस एक, एक्स्टेन्शन्स चालवणारी दुसरी, फाइलींवर नजर ठेवणारी तिसरी, टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) चौथी. शिवाय पायथॉन, टाइपस्क्रिप्टसारख्या भाषांचे सर्व्हर, म्हणजे कोड वाचून चुका आणि सुचवण्या दाखवणारे प्रोग्रॅम, वेगळेच. विंडोच्या प्रोसेसमध्ये मात्र बटण दाबल्याची दखल घेणं, अक्षर उमटवणं आणि विंडो रंगवण्याचं बरंचसं काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एकाच रांगेत, चालतं, बसस्टँडवर एकच तिकीट खिडकी उघडी असावी तसं. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. एखादं काम अर्धा सेकंद रेंगाळलं की तीसएक फ्रेम बुडाल्या.

म्हणून आधी लक्षण नीट बघा. अक्षरं झटपट उमटतायत पण सुचवण्या येत नाहीत, तर एक्स्टेन्शन किंवा भाषेचा सर्व्हर अडलाय. कर्सर थांबतो आणि मग दहा अक्षरं एकदम येतात, तर विंडोच्या प्रोसेसवर ताण आहे. फक्त सेव्ह करताना अडतं, तर सेव्हसोबत चालणारा फॉर्मॅटर (कोडची मांडणी नीट करणारं एक्स्टेन्शन) तपासा. माउससुद्धा अडखळत असेल तर एडिटर सोडा. रॅम भरलीय किंवा डिस्क कामाने दमलीय.

मग हेल्प मेनूतून प्रोसेस एक्स्प्लोरर उघडा. कोणती प्रोसेस किती सीपीयू आणि किती मेमरी खाते ते तिथे दिसतं. एक्स्टेन्शन्स चालवणारी प्रोसेस, म्हणजे 'एक्स्टेन्शन होस्ट', सगळ्यात जास्त खात असेल तर एडिटर बंद करून टर्मिनलमधून सगळी एक्स्टेन्शन्स वगळून, म्हणजे डिसेबल-एक्स्टेन्शन्स हा पर्याय देऊन, पुन्हा सुरू करा. तेवढ्याने सुधारलं तर दोषी त्यांच्यातच आहे. एकेक बंद करत बसू नका. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' निवडा. एडिटर निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करतो, त्रास आहे की गेला ते विचारतो, आणि उरलेल्यांची पुन्हा निम्मी करतो. ३२ एक्स्टेन्शन्स असली तरी पाच फेऱ्यांत चोर सापडतो. या सोयीचा उपयोग फार कमी लोक करतात, हे खरंच वाईट आहे.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक फोल्डरची असते. प्रोजेक्टचा फोल्डर न उघडता अख्खा डी ड्राइव्ह किंवा डेस्कटॉप उघडला जातो. पायथॉनसाठीचं पायलान्स हे एक्स्टेन्शन मग त्यातल्या सगळ्या पायथॉन फाइली हुडकत बसतं. मोजणीला १० सेकंदांहून जास्त लागले तर तसा इशाराही आउटपुटमध्ये देतं. फिरत्या डिस्कवर हे इतकं जड का जातं? मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली (डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात, आणि हेड सरकायला आणखी दहाएक. सेकंदाला विखुरलेली साठ-पासष्ट वाचनंच होतात. जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या नोड मॉड्यूल्स फोल्डरात (तिथे बाहेरून आणलेला कोड असतो) ३०,००० बारक्या फाइली असल्या आणि प्रत्येकीसाठी एकदा जरी हेड हलवावा लागला, तरी सात-आठ मिनिटं गेली. त्यात अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघतो आणि क्लाउडशी सिंक होणारं ॲप तीच फाइल वर चढवू पाहतं. प्रोजेक्ट सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवूच नका. कोडच्या प्रती जपायला गिट आहे. सेटिंग्जमध्ये 'वॉचर एक्स्क्लूड' (नजर ठेवण्यातून वगळा) आणि 'सर्च एक्स्क्लूड' (शोधातून वगळा) शोधून बिल्ड, डेटासेट आणि पायथॉनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचे (प्रोजेक्टपुरत्या पायथॉनचे) फोल्डर तिथे घाला.

लिनक्सवर वेगळी अडचण येते. फाइलींवर नजर ठेवायला कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आयनोटिफाय यंत्रणा लागते आणि ती एकावेळी किती ठिकाणी नजर ठेवेल, म्हणजे किती 'वॉच' लावेल, याला मर्यादा असते. जुन्या सिस्टिमवर ती ८,१९२ इतकी कमी होती. 'जागा नाही' असा एरर येतो आणि लोक डिस्क साफ करायला धावतात. ही मर्यादा ५,२४,२८८ पर्यंत वाढवता येते. एका वॉचला साधारण १,०८० बाइट लागतात, म्हणजे सगळे वापरले तर ५४० एमबीच्या आसपास मेमरी जाईल. ४ जीबीच्या मशीनवर आधी नको ते फोल्डर वगळा, मग मर्यादा वाढवा.

मोठ्या फाइलींचं गणित निराळं. फाइल २० एमबीच्या किंवा ३ लाख ओळींच्या वर गेली की व्हीएस कोड कोडमधल्या शब्दांना वेगवेगळे रंग देणं आपणहून बंद करतो. तो बिघाड नाही. कणकुंबीच्या पावसाची तासातासाची नोंद ३० वर्षांची घेतली तरी २,६२,८०० च्या आसपास ओळी होतात, म्हणजे चालतं. तीच नोंद दर पाच मिनिटांची असेल तर तीन वर्षांतच मर्यादा ओलांडते. असा डेटा एडिटरमध्ये न उघडता पांडाज या पायथॉनच्या लायब्ररीने पहिल्या शंभर ओळी बघाव्यात.

खरा घात करते ती एकाच ओळीत कोंबलेली जेसन (डेटा मजकुराच्या रूपात ठेवणारी) फाइल. आकार जेमतेम ३ एमबी, पण वर्ड रॅप (लांब ओळ विंडोच्या रुंदीत मोडून दाखवणं) चालू असेल तर ती लाखो अक्षरांची ओळ कुठे मोडायची हे मोजण्यात विंडो गोठते. आपल्याकडच्या दुभाषी ॲपमध्ये मराठी आणि कन्नड मजकूर एकत्र असतो, तेव्हा हे जास्त जाणवतं. कोडसाठी वापरतात त्या मोनोस्पेस फॉन्टमध्ये साध्या इंग्रजी अक्षरांची रुंदी सारखीच असल्याने एडिटर गुणाकार करून मोकळा होतो. 'क्षि' मात्र चार युनिकोड चिन्हांचा बनतो, युटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत १२ बाइट घेतो, आणि जोडून दिसताना त्याची रुंदी किती हे ब्राउझरच्या इंजिनाला विचारावं लागतं. कोडमधल्या चार मराठी टिपांनी काही बिघडत नाही, त्या जरूर लिहा. लांबलचक ओळ मात्र आधी पायथॉनच्या जेसन-टूलने ओळी पाडून घ्या.

विंडो काळी पडत असेल किंवा लुकलुकत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घ्या आणि डिसेबल-जीपीयू पर्याय देऊन उघडून बघा. लाइट गेल्यावरच स्लो होत असेल तर बॅटरीवरचा पॉवर मोड बघा. गादीवर ठेवलेला, धूळ बसलेला लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

विंडो प्रतिसाद देत नाही असा बॉक्स आला तर मोठी फाइल नुकतीच उघडली असल्यास थांबा. एरवी पुन्हा उघडण्याचा पर्याय घ्या. सेव्ह न केलेला मजकूर एडिटर अधूनमधून बाजूला ठेवत असल्याने बहुतेक परत मिळतो, अगदी शेवटचे काही शब्द जाऊ शकतात.

एवढ्यावर भागलं नाही तर पैसे घाला, पण बघून. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये डिस्क १०० टक्क्यांवर आणि मेमरीत जागा शिल्लक असेल तर आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या. २.५ इंची साटा एसएसडी बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी बसते. मेमरी भरलेली असेल तर तिथेच किती स्लॉट वापरात आहेत ते वाचा, आणि डीडीआर३ लागते की डीडीआर४ याची खात्री करूनच दुकानात जा. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.