आधी इस्पितळ, मग दवाखाना

वाळपईहून पहाटे पणजीला निघणाऱ्या कदंब बसमध्ये चार-पाच जणांच्या मांडीवर हमखास प्लास्टिकची पिशवी दिसते. आत जुने केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, घडी पडलेला एक्सरे. निघालेले असतात गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पण कुठे निघालात विचारलं तर कुणी 'गोमेकॉ' म्हणत नाही, ते जिथे आहे त्या गावाचं नाव घेऊन 'बांबोळी' म्हणतात. कित्येकांचं काम फक्त बीपी-शुगरच्या गोळ्यांचं असतं. आरोग्यकेंद्र तर घराजवळच आहे!

ही सवय जुनी आहे. गोव्यात इस्पितळ आधी आलं, दवाखाना फार मागून. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी जुने गोवे इथे राजाचं इस्पितळ काढलं, ते मुख्यतः स्वतःच्या सैनिक-खलाशांसाठी. 1842 मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली. पाश्चात्त्य वैद्यक शिकवणाऱ्या आशियातल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी ती एक. तिथून शिकून बाहेर पडलेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिक, अंगोला, थेट तिमोरपर्यंत नोकरीला गेले. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून जिंकलेल्या मुलखातल्या सत्तरी-सांग्याच्या माणसाला मात्र झाडपाला आणि देवाचा कौल हाच आधार. फोंड्याला दादा वैद्यांसारखा नामांकित वैद्य होता, पण असं भाग्य प्रत्येक महालाचं (तालुक्याचं) नव्हतं. मडगावचं हॉस्पिसियो हे इस्पितळ 1867 मध्ये फादर मिरांडांनी गोरगरिबांसाठी उभं केलं, तेही जुन्या काबिजादीतच.

इकडे ब्रिटिश हिंदुस्थानात 1946 मध्ये भोर समितीने प्राथमिक आरोग्यकेंद्राची कल्पना मांडली आणि 1952 पासून समुदाय विकास योजनेतून ती गावात उतरू लागली. गोवा तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या हाती. 19 डिसेंबर 1961 नंतरच ही गाडी आपल्याकडे आली, म्हणजे दशकभर उशिरा. 1963 मध्ये जुन्या वैद्यकीय शाळेचं गोवा मेडिकल कॉलेज झालं. नवं केंद्र बाळसं धरत होतं, तेव्हा मोठ्या इस्पितळाच्या नावाला शंभराहून अधिक वर्षांचं वजन होतं.

देशाचा निकष 30,000 लोकांमागे एक प्राथमिक केंद्र, डोंगराळ भागात 20,000. राज्य लहान, गावोगाव रस्ते. इमारती उभ्या राहिल्या. पण त्याच रस्त्यांनी रुग्ण केंद्राच्या दारावरून पुढे जाऊ लागला. माझ्या मते गोव्याच्या आरोग्यसेवेची खरी गोम इथे आहे. अंतर तोडलं, भरवसा जोडला नाही. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर गावोगाव 'आशा' आरोग्यसेविका नेमल्या गेल्या, गोवा त्याला अपवाद राहिला. घरोघरी जायचं काम नर्सबाई आणि अंगणवाडी ताईंवर पडलं.

दारातल्या माणसाचं मोल 2015 मध्ये सत्तरीत कळलं. काजूच्या हंगामात माकडताप आला. हा ताप गोचिडीतून येतो आणि त्याची पहिली खूण म्हणजे रानात मरून पडलेलं माकड. ते बांबोळीच्या वॉर्डात कसं दिसणार? ते दिसतं बागायतीत बोंडू वेचणाऱ्याला, आणि त्याने सांगायचं कुणाला, तर प्राथमिक केंद्राच्या गावातल्या उपकेंद्राला.

केंद्रात ओळखीचं माणूस बसवलं तर काय होतं, हेही गोव्यातच तपासलं गेलं आहे. 'संगत' संस्थेच्या 'मानस' प्रयोगात डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन सरकारी केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांकडे बसवलं. उदासी-चिंतेने गांजलेल्यांशी बोलायचं, हे त्यांचं काम. 2010 मध्ये निष्कर्ष छापून आले. सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना गुण आला, खासगीत तसा फरक पडला नाही.