अंगणातील देशी गवत

अंगणात, परसात किंवा बंगल्याभोवतीच्या मोकळ्या जागेत विकतच्या हिरवळीऐवजी त्या मुलखातली रानगवते लावण्याची पद्धत. भारतातील कुरणांचे १९७३ साली पाच मुख्य प्रकार पाडण्यात आले. त्यांतील शेडा-मारवेल हा प्रकार द्वीपकल्पाच्या पठारी भागाचा. दख्खनमधल्या अंगणासाठी म्हणून शेडा, मारवेल, डोंगरी, कुसळी आणि रोशा ही बहुवर्षायू गवते सोयीची.

नर्सरीत ‘कोरियन लॉन’ म्हणून मिळते ते पूर्व आशियातले झोयसिया, तर रुंद पानांचे कार्पेट गवत मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले. दोन्हींना उन्हाळाभर पाणी लागते. हरळीची गोष्ट गमतीची आहे. शेतकरी तिच्या काशा खणून काढता काढता थकतो, गणपतीत तिच्याच एकवीस दूर्वांची जुडी विकत घेतो, आणि तिचाच निवडलेला प्रकार ‘सिलेक्शन वन’ या नावाने लॉनसाठी विकला जातो. लव्हाळा मात्र गवत नव्हे. त्याची काडी बोटांत फिरवली की तीन कडा लागतात; गवताची काडी बहुधा गोल आणि पेरांची. काँग्रेस गवतही नावापुरतेच गवत, ते सूर्यफुलाच्या कुळातले.

रानगवताचे बी हलके आणि केसाळ असते, फोकले की वाऱ्यावर जाते. ते ओलसर मातीत कालवून पेरतात. ताजे बी बहुधा लगेच उगवत नाही. दिवाळीनंतर झाडून ठेवलेले पुढच्या पावसाळ्यात पेरावे. घरच्या जागेला त्यापेक्षा ठोंबे बरी: मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की मुळांसकट फोडलेली ठोंबे फूटभर अंतरावर लावायची. पहिल्या वर्षी खुरपणी चुकत नाही. मारवेल ओळखायची तर पेर पाहावे, त्याभोवती पांढऱ्या केसांचे कडे असते. जनावरे ती आवडीने खातात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने चाऱ्यासाठी तिचे वाण काढले आहेत. रोशाचे पान चुरगळले की सुगंध येतो, त्याचे तेल काढतात.

कुसळी लावावी, पण पायवाटेपासून दूर. तिच्या बियांची टोके अणकुचीदार, त्यांवर मागे वळलेले राठ केस आणि शेपटीसारखे लांब तपकिरी कुसळ. हे कुसळ सुकले की पिळते, भिजले की उलगडते. तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब सोडला तर डोळ्यांदेखत फिरू लागते. या पिळण्या-उलगडण्यातून बी आपले आपण जमिनीत रुतते. मेंढीच्या लोकरीत आणि कुत्र्याच्या कातडीतही तसेच घुसते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते असे आपण म्हणतो, ते हेच कुसळ.

या अंगणाची खरी अडचण दिसण्याची आहे. आषाढ-श्रावणात ते हिरवेगार, भाद्रपद-आश्विनात तुऱ्यांवर येते, कार्तिकापासून पिवळे पडते आणि मग थेट पावसाळ्यापर्यंत तसेच. शेजारी ‘साफ का करत नाही’ म्हणून विचारतात, सापांचा विषय निघतो. ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणून दाराजवळ आणि वाटेकडेला गवत आखूड ठेवतात, उंच वाढू द्यायचे ते कुंपणाकडे. दिवाळीनंतर विळ्याने चार बोटे बुडखा राखून कापणी करतात. वाळले गवत घराला लागून उभे ठेवणे आगीच्या दृष्टीनेही बरे नाही. पेंढ्या गोठ्याला जातात, नाहीतर आळ्यात आच्छादन म्हणून पसरतात. एक कोपरा न कापता सोडला तर ठिपकेवाल्या मुनिया तुऱ्यांवर झुलत बी खातात आणि ‘ईव्हनिंग ब्राऊन’ फुलपाखराच्या अळ्यांना पाने मिळतात.

सांडपाण्याच्या कडेला किंवा खचणाऱ्या बांधावर वाळा लावतात. त्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात. ती हवी असतील तर ठोंब उपटून चालत नाही, भोवतीची माती खणावी लागते. एवढ्या खटाटोपानंतर उन्हाळ्यात माठात टाकायला एक जुडी निघते.