मेटिक्युलस : एका औपचारिक इंग्रजी विशेषणाचे अध्ययन (मराठवाडा)

मेटिक्युलस हे इंग्रजीतील औपचारिक वळणाचे विशेषण आहे. कामातील बारीकसारीक तपशील कसोशीने सांभाळणारी व्यक्ती आणि अशा कसोशीने पार पडलेले काम, या दोहोंसाठी ते वापरले जाते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मराठवाड्यातील विद्यार्थ्याला ते बहुधा महाविद्यालयीन वाचनात, इंग्रजी अग्रलेखांत किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीत भेटते. उच्चारात जोर दुसऱ्या अवयवावर (सिलेबलवर), म्हणजे ‘टि’वर पडतो. मराठीत सगळे अवयव जवळजवळ सारख्या जोराने उच्चारण्याची सवय असल्याने हा जोर मुद्दाम कानावर घ्यावा लागतो.

शब्दाचे मूळ लॅटिन असून त्यात भीतीचा अर्थ आहे. सोळाव्या शतकातील इंग्रजीत त्याचा अर्थ ‘भित्रा’ असाच होता. पुढे तो वापरातून जवळजवळ गेला आणि एकोणिसाव्या शतकात फ्रेंचच्या प्रभावाने ‘क्षुल्लक गोष्टींची नको इतकी काळजी करणारा’ या काहीशा नापसंतीच्या अर्थाने परतला. कोशकार हेन्री फाउलर यांनी 1926 साली या शब्दाच्या सैल वापरावर कडक टीका केली होती. तरीही विसाव्या शतकात तो स्तुतीचाच शब्द ठरला. जुन्या इंग्रजी गद्यात मात्र तो आजच्या अर्थाने वाचला, तर लेखकाचा रोख चुकीचा समजण्याचा संभव राहतो.

मराठीत त्यासाठी सर्वांत आधी सुचणारा शब्द ‘काटेकोर’ हा आहे, आणि अडचण नेमकी तेथून सुरू होते. लातूरच्या मोंढ्यात तुरीचे वजन काटेकोर होते, शाळेचे नियम काटेकोर असतात आणि हिशेबाची तपासणीही काटेकोर होते. मराठीला या तिन्ही ठिकाणी एकच विशेषण पुरते. इंग्रजीत वजनासाठी ‘अ‍ॅक्युरेट’ किंवा ‘एक्झॅक्ट’, नियमांसाठी ‘स्ट्रिक्ट’ आणि केवळ तिसऱ्या ठिकाणी ‘मेटिक्युलस’ येते. कारण या शब्दात मोजमापाच्या अचूकतेपेक्षा माणसाने घेतलेल्या मेहनतीला महत्त्व आहे. वजनकाटा अचूक असू शकतो. मेटिक्युलस असतो तो काट्याची नोंद रोजच्या रोज ताडून पाहणारा माणूस. म्हणूनच नियोजन, संशोधन, नोंदी, तपासणी, कारागिरी, पूर्वतयारी या नामांच्या सोबतीने हे विशेषण पुन्हा पुन्हा आढळते. या नामांसह पाठ केलेला शब्द सुट्या पाठ केलेल्या शब्दापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

जवळच्या शब्दांपैकी ‘केअरफुल’ हा रोजच्या बोलण्यातला, तर ‘थरो’ काम आरपार, काहीही न वगळता केल्याचे सांगणारा आहे. ‘स्क्रुप्युलस’मध्ये प्रामाणिकपणाची नैतिक बाजूही येते. ‘फस्टिडियस’ला मराठीतील ‘चोखंदळ’ बराच जवळचा आहे.

वाक्यरचनेत विशेषण नामाच्या आधी येण्याची रीत दोन्ही भाषांत सारखी असल्यामुळे तेथे अडखळायला होत नाही. क्रियाविशेषणाच्या बाबतीत मात्र चूक हमखास होते. मराठीत ‘ती छान गाते’, ‘तो चांगला लिहितो’ अशी विशेषणेच क्रियेला लागतात; त्या सवयीने ‘त्याने कागद काटेकोर तपासले’ याच्या इंग्रजी वाक्यात ‘मेटिक्युलसली’ऐवजी ‘मेटिक्युलस’च लिहिले जाते. मराठीत उपपद (आर्टिकल) नसल्याने विशेषणाआधीचे ‘अ’ गळते, आणि ‘च्या बाबतीत’ या एका रचनेसाठी इंग्रजीत ‘अबाउट’ घ्यावे की ‘इन’, याचा गोंधळ उडतो. एखाद्या गोष्टीविषयीची व्यक्तीची दक्षता सांगायची असेल, तर ‘अबाउट’. कामाच्या क्षेत्राचा किंवा कृतीचा उल्लेख असेल, तर सामान्यतः ‘इन’.

अशा ग्रंथवळणाच्या शब्दांशी मराठवाड्याचा परिचय उशिरा होण्यास इतिहासाची पार्श्वभूमी आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात उर्दू ही राजभाषा होती, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. इंग्रजी तेथे सक्तीचा विषय म्हणून शिकवली जाई. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे मिलिंद महाविद्यालयाचा आरंभ करून दलित आणि गरीब घरांतील मुलांना उच्च शिक्षणाची वाट मोकळी केली. या कामाचे मोल फार मोठे आहे. मराठवाडा विद्यापीठ 1958 साली स्थापन झाले. राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली ती 2000 साली. त्याआधीच्या पिढ्यांनी ती पाचवीपासून शिकली.

आज संभाजीनगर, लातूर, नांदेड येथील अभ्यासिकांत शब्दसंग्रहाची वही सर्रास दिसते : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी प्रतिशब्द. पाठांतराला ही मांडणी सोयीची असली, तरी वापर शिकवायला ती अपुरी आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील 300 गुणांच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत उताऱ्याचे आकलन, सारांशलेखन आणि निबंध यांबरोबर शब्दांचा वापरही तपासला जातो, आणि तेथे प्रतिशब्दाची जोडी पुरत नाही. वहीत शब्दासोबतचे नाम, शब्दयोगी अव्यय आणि स्वतः रचलेले एक खरे वाक्य असावे. त्यासाठी विषय आपल्या परिसरातच सापडतात. मेजर रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती अनेक वर्षे खपून तयार केल्या आणि त्यांपैकी बहुतेक 1866 साली लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या, हे विधान इंग्रजीत लिहिताना ‘मेटिक्युलस’ प्रतिकृतींना लावता येते, गिल यांना लावता येते, आणि ‘मेटिक्युलसली’ करून त्यांच्या रंगवण्यालाही लावता येते. आगीच्या वर्णनात मात्र त्याला जागा नाही.