नाव झाकलेल्या तबकड्या

सोल आणि फंक हे अमेरिकन कृष्णवर्णीयांचे साठ-सत्तरच्या दशकांतले संगीतप्रकार. त्यांच्या जुन्या सिंगल्सच्या, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकड्यांच्या, बाजारात हिशेब उलटा चालतो. त्या काळी लाखांनी खपलेल्या गाण्याची तबकडी आज किरकोळ पैशांत मिळते. जे गाणं स्वतःच्या शहराबाहेरही पोचलं नाही, त्याच्या तबकडीला मात्र शेकड्यांनी, कधी हजारांनी पौंड मोजले जातात. सुप्रीम्स या डेट्रॉइटच्या गायिका-त्रयीची गाजलेली सिंगल्स कुठल्याही जुन्या बाजारात पडलेली असतात. त्याच वर्षी, त्याच डेट्रॉइट शहरात, तसल्याच वादकांनी वाजवलेलं आणि आपटलेलं गाणं तिजोरीत असतं. केवळ दुर्मीळपणातून हा प्रकार उलगडत नाही, कारण कोणालाच नको असलेल्या दुर्मीळ तबकड्याही जगात ढिगांनी आहेत. या तबकड्यांना किंमत आली ती त्या अमुक लोकांनी शोधल्या, वाजवल्या आणि लपवल्या म्हणून. लपवल्या हे त्यात सर्वांत महत्त्वाचं.

आधी वस्तूबद्दल. सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी आरसीए व्हिक्टरने मार्च १९४९ मध्ये अमेरिकेत आणली. कोलंबिया कंपनीने आदल्याच वर्षी आणलेल्या एलपीला, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकडीला, दिलेलं ते उत्तर होतं. मधलं भोक दीड इंचाचं, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एक गाणं. नाणं टाकून गाणं वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सला ही तबकडी फार सोयीची पडली. बनवायलाही ती स्वस्त होती, त्यामुळे गल्लीतल्या माणसालाही रेकॉर्ड कंपनी काढता येऊ लागली. एक स्टुडिओ काही तासांसाठी भाड्याने घ्यायचा, पाचशे-हजार प्रती दाबून घ्यायच्या, त्यातल्या काही पांढऱ्या लेबलाच्या प्रती रेडिओवाल्यांना फुकट वाटायच्या आणि वाट बघायची. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटमध्ये हेच केलं आणि त्यातून मोटाऊन ही कंपनी उभी राहिली. तिचं यश बघून त्या शहरात आणि शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिसमध्ये कित्येकांनी नशीब आजमावलं. डेट्रॉइटची रिक-टिक आणि गोल्डन वर्ल्ड ही लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, तर इतकी जवळ पोचली, की शेवटी मोटाऊननेच ती विकत घेतली. बाकीच्यांचं काही झालं नाही. न खपलेल्या प्रती घाऊक व्यापाऱ्यांकडे, गोदामांत, धर्मादाय दुकानांत गेल्या. ज्यूकबॉक्समधून उतरवलेल्या घासलेल्या तबकड्या वेगळ्याच. हा सगळा माल पुढे समुद्र ओलांडून इंग्लंडला पोचला.

इंग्लंडमध्येही उत्तरेला. मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबात १९६३ पासून अमेरिकन कृष्णवर्णीयांचं संगीत वाजत होतं. शनिवारच्या रात्री तरुण कामगार पोरं-पोरी पहाटेपर्यंत तिथे नाचत. त्यांना हवी होती जलद, ठाम ठेक्याची, साधारण १९६५-६६ च्या मोटाऊनच्या चालीची गाणी. पण अमेरिकेत संगीत पुढे सरकलं होतं. गायक जेम्स ब्राऊनने १९६५ मध्येच सगळा भर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर आणून फंकचं दार उघडलं होतं. दशक संपेपर्यंत नवी गाणी संथ, जड, घामट झाली. लंडनच्या पोरांनी ती उचलली, उत्तरेकडच्यांनी साफ नाकारली. लंडनमध्ये डेव्ह गॉडिन नावाचा गृहस्थ सोल सिटी हे दुकान चालवत असे. मोटाऊनला इंग्लंडमध्ये पाय रोवायला ज्यांनी मदत केली त्यांतला हा एक, आणि रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर ज्या शाळेत होता त्याच शाळेतला. फुटबॉलचे सामने बघायला लंडनला येणारी उत्तरेकडची गिऱ्हाइकं नवी गाणी ऐकतच नाहीत हे त्याने हेरलं आणि दुकानातल्या पोरांना सांगितलं, की त्यांना ‘नॉर्दर्न सोल’च ऐकवा. १९७० मध्ये ‘ब्लूज अँड सोल’ मासिकातल्या त्याच्या सदरात हे नाव छापून आलं आणि कायमचं चिकटलं.

आता अडचण बघा. नाचणाऱ्यांना नवी गाणी हवीत, पण तसली गाणी बनणं तर बंद झालेलं. मग नवं आणायचं कुठून? जुन्यातून, म्हणजे तेव्हा कोणी ऐकलंच नाही अशा जुन्यातून. इथे डीजेचं काम बदललं. लोकांना माहीत असलेलं वाजवणारा तो आता उत्खनन करणारा झाला. ट्विस्टेड व्हील १९७१ च्या सुरुवातीला बंद पडलं, त्यानंतर स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या टनस्टॉलचं गोल्डन टॉर्च, वूल्व्हरहॅम्प्टनचं कॅटाकॉम्ब्ज, ब्लॅकपूल मेक्काची हायलँड रूम, आणि २३ सप्टेंबर १९७३ पासून विगन कसिनो अशी ठिकाणं गाजत गेली. विगनची रात्र मध्यरात्रीनंतर सुरू होऊन सकाळी आठला संपे. दारू मिळत नसे, अंमली गोळ्या मात्र मिळत, आणि पोलिसांचं लक्ष असे ते त्यामुळेच. गिरक्या घेता याव्यात म्हणून लोक लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर टाकत. कोणत्या क्लबात जायचं हे ठरे ते एकाच प्रश्नावर: दुसरीकडे नाही असं काय इथे वाजतं?

म्हणून डीजे लेबल झाकू लागले. मूळ लेबलावर कोरा कागद चिकटवायचा आणि गाण्याला, गायकाला खोटंच नाव द्यायचं. याला ‘कव्हर-अप’ म्हणत. नाव कळलं नाही तर प्रतिस्पर्धी ते शोधणार कसा? गाणं महिनोन्‌महिने खोट्या नावाने गाजे, खऱ्या गायकाला अमेरिकेत त्याचा पत्ताही नसे. ही युक्ती इंग्लंडची नव्हे. १९५० च्या दशकात जमैकाच्या किंग्स्टनमध्ये साऊंड सिस्टिम चालवणाऱ्यांनी, म्हणजे मोठे भोंगे लावून नाच भरवणाऱ्यांनी, हेच केलं होतं. त्यांच्यातला कॉक्सन डॉड अमेरिकेतून रेकॉर्ड आणून त्यांची लेबलं खरवडून काढी. विलिस जॅक्सनच्या एका सॅक्सोफोनच्या तुकड्याला त्याने ‘कॉक्सन हॉप’ असं स्वतःचंच नाव दिलं आणि कितीतरी काळ तो त्याचा हुकमी एक्का राहिला. प्रतिस्पर्धी ड्यूक रीडने खरं नाव शोधून काढलं तेव्हा तो डाव संपला. किंग्स्टनमध्येच जन्मलेल्या कूल हर्क या डीजेने ऑगस्ट १९७३ पासून न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये पार्ट्या सुरू केल्या. फंकच्या तबकडीतला फक्त ढोलांचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवायचा, ही त्याची करामत. तोही लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकी. विगन आणि ब्रॉन्क्स एकाच वर्षी एकाच खटपटीत होते, एकमेकांची काही खबर नसताना. आपल्याकडे चीज पूर्ण न सांगणारे खाँसाहेब आणि त्यांच्याकडून त्या मिनतवारीने मिळवून छापणारे भातखंडे आठवले, तर हा स्वभाव परका वाटू नये.

पण लपवण्याला एक मर्यादा आहे. तबकडी कपाटातच ठेवली तर तिला किंमत नाही. ती हजार माणसांना ऐकवावी लागते, त्यांना वेड लावावं लागतं आणि तरीही हाती लागू द्यायची नसते. नेमक्या या फटीत नकला शिरल्या. मूळ प्रतीवरून एकेक तबकडी कापून देणारे स्टुडिओ होते. डीजे तसली नक्कल मित्राला देई आणि ती काही वाजवण्यांतच झिजे. मग बेकायदा छपाई आली. क्लबात गाजलेल्या गाण्याची खोटी प्रत बाजारात आली, की मूळ प्रतीचा भाव गडगडे. कंपन्याही जाग्या झाल्या. ‘पाय’ (Pye) या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने नॉर्दर्न सोलसाठी वेगळं लेबल काढलं, १९७५ मध्ये विगनच्या नावावर गाणी विक्रीयादीत चढली, आणि जुन्या माणसांनी नाकं मुरडली. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. त्यांतली काही गाणी खरोखर सुमार होती.

फ्रँक विल्सनच्या तबकडीत हे सगळं एकवटलं आहे. मोटाऊनच्या ‘सोल’ या उपलेबलासाठी त्याने १९६५ मध्ये एक गाणं गायलं. प्रसिद्धीच्या प्रती निघाल्या, पण त्याने गाण्याऐवजी निर्मितीकडेच लक्ष द्यावं असं ठरलं आणि तबकडी बाजारात आलीच नाही. प्रती नष्ट झाल्या, मोजक्याच वाचल्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यातल्या एकीची नक्कल विगनला पोचली आणि तिथे ती एडी फॉस्टर या गायकाच्या नावावर वाजू लागली. खरं नाव उघड झाल्यावर १९७९ मध्ये टॅम्ला मोटाऊन या मोटाऊनच्याच ब्रिटिश लेबलाने ते गाणं इंग्लंडमध्ये रीतसर काढलं. म्हणजे ऐकायला आता कोणालाही मिळत होतं. तरी मूळ प्रत २००९ मध्ये २५ हजार पौंडांच्या वर गेली. डॅरेल बँक्सचं उदाहरण याहून विचित्र. त्याचं १९६६ चं गाणं अमेरिकेत चाललं होतं आणि इंग्लंडमध्ये स्टेटसाइड लेबलावर सहज मिळे. पण हक्कांच्या भानगडीत ‘लंडन’ नावाच्या लेबलाने छापलेल्या प्रती मागे घ्याव्या लागल्या. तसली एक प्रत २०१४ मध्ये १४,५४३ पौंडांना गेली. स्वर तोच, ताल तोच, बदललं होतं फक्त लेबल. इथे संगीताचा नाद संपून टपाल तिकिटांचा सुरू होतो, असं मला वाटतं. पण हे संग्राहकांना सांगायची सोय नाही.

खऱ्या-खोट्याची पारख हीही मग एक विद्या झाली. शेवटची खाच आणि लेबल यांमधल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक हाताने ओरखडला आहे की शिक्क्याने उमटवला आहे, तबकडी व्हिनाइलची आहे की साच्यात ओतलेल्या स्वस्त पॉलिस्टायरीनची, छपाईचा कागद कसा आहे, यावरून जाणकार निवाडा देतात. पॉलिस्टायरीन लवकर झिजतं, खरखरतं. पण एखाद्या लेबलाची अस्सल प्रत त्याचीच असेल, तर गुळगुळीत व्हिनाइलची प्रत दिसली की ती खोटी समजायची.

१९७४ च्या सुमारास उत्तरेत मोठी फूट पडली. ब्लॅकपूलच्या इयन लेव्हिन या डीजेने, कॉलिन कर्टिसबरोबर, साठच्या दशकातल्या गाण्यांशेजारी नव्या सत्तरच्या तबकड्या लावायला सुरुवात केली. लेव्हिनच्या घरी पैसा होता. फ्लोरिडाला जाऊन तो ढिगांनी रेकॉर्ड आणी. विगनच्या कडव्या लोकांना हा धर्मद्रोह वाटला. रिचर्ड सर्लिंग या दुसऱ्या डीजेने १९७३ मध्ये फिलाडेल्फियातून ग्लोरिया जोन्सची १९६५ ची एक आपटलेली तबकडी आणली होती. ‘टेंटेड लव्ह’ हे तिच्या मागच्या बाजूचं गाणं. ते क्लबांत इतकं गाजलं, की लीड्सच्या सॉफ्ट सेल जोडगोळीने १९८१ मध्ये ते यंत्रांवर नव्याने वाजवलं आणि ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक पटकावला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला विगन कसिनो बंद झालं. तिथल्या रात्रीची शेवटची तीन गाणी ठरलेली असत. त्यातलं एक होतं डीन पॅरिशचं. न्यू यॉर्कच्या या गायकाला आपण इंग्लंडात नावाजलेले आहोत हे कळायला कित्येक वर्षं जावी लागली.

फंकची सिंगल्स या मंडळींनी टाकून दिली होती, ती दुसऱ्या दाराने आली. ब्रॉन्क्सच्या त्या पार्ट्यांतून निघालेल्या हिप-हॉपवाल्यांना ढोलांचे तुकडे हवे होते. जेम्स ब्राऊनच्या १९७० च्या सिंगलमधला ढोलवादक क्लाइड स्टबलफील्डचा एक तुकडा पुढे असंख्य गाण्यांत शिरला. त्याला मात्र रचनेचं श्रेय नव्हतं, म्हणून त्याचे पैसेही नव्हते. गुपित फोडण्याचं काम इथे १९८६ ते १९९१ दरम्यान निघालेल्या ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या संकलन-तबकड्यांच्या पंचवीस खंडांनी केलं. हर्कच्या पिढीने भिजवून काढलेली नावं आता दुकानात मिळू लागली. नव्वदच्या दशकात केब डार्ज या स्कॉटिश डीजेने लंडनच्या सोहोमध्ये ‘डीप फंक’च्या रात्री सुरू केल्या. तो मूळचा नॉर्दर्न सोलचा नर्तक आणि संग्राहक, त्यामुळे सिंगल शोधण्याची तीच सवय त्याने फंकला लावली. त्या लाटेत शाळांचे बँडही वर आले. ह्यूस्टनच्या कश्मीर हायस्कूलचे संगीतशिक्षक कॉनरॅड जॉन्सन यांनी विद्यार्थ्यांकडून वाजवून घेतलेली फंक आधी संग्राहकांच्या हाती पोचली आणि २००६ मध्ये नाऊ-अगेन या कंपनीने ती रीतसर प्रसिद्ध केली. ९२ वर्षांचे जॉन्सन फेब्रुवारी २००८ मध्ये माजी विद्यार्थ्यांची मैफल ऐकून दोनच दिवसांनी गेले.

खणणाऱ्यांचे हात आपल्या तबकड्यांपर्यंतही आले. कल्याणजी-आनंदजींनी १९७२ च्या ‘अपराध’साठी केलेलं आशा भोसले यांचं गाणं ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाने २००५ मध्ये उचललं, आणि मुंबईच्या जुन्या बाजारातल्या फिल्मी रेकॉर्डना परदेशी गिऱ्हाईक येण्यात नवल राहिलं नाही.

रीतसर पुनर्प्रकाशनाची परंपरा मुख्यतः ब्रिटनमधल्या केंट लेबलाने १९८२ पासून घातली. मूळ ध्वनिफिती शोधायच्या, हक्कदारांशी करार करायचे, गायकाला गाठून त्याची हकिकत छापायची. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने २००४ पासून हेच केलं. कोलंबस, ओहायोच्या कॅपसोल या गल्लीतल्या लेबलावरचा संग्रह हे त्यांचं पहिलं काम. नकलाकारांनी गायकाला छदाम दिला नव्हता, इथे निदान चेक तरी पोचला. संग्राहकांनी राखून ठेवलेल्या प्रती नसत्या तर यातलं बरंच पुन्हा उभंच राहिलं नसतं, कारण छोट्या लेबलांच्या ध्वनिफिती हरवल्या होत्या आणि तबकडीवरूनच आवाज उतरवून घ्यावा लागत होता.

आता कुठलंही नाव काही क्षणांत सापडतं. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर २००० पासून लोक लेबल, वर्ष, क्रमांक नोंदवत आले आहेत, भावही तिथेच कळतो. तरी अनेक ठिकाणी मूळ तबकडीच वाजवायची हा नियम अजून कडक आहे. आणि एखादा डीजे अजूनही लेबलावर कागद चिकटवतो. फरक इतकाच, की समोर नाचणाऱ्याच्या खिशात गाणं ओळखणारा फोन असतो. म्हणून आता झाकायच्या लायकीचं गाणं तेच, जे फोनलाही ओळखता येत नाही: स्टुडिओत एकच प्रत कापली गेलेलं, कधी छापलंच न गेलेलं.