टीबीचा जिवाणू एक, प्रश्न दोन: कम्प्युटेशनल जीनोमिक्स आणि सिस्टीम्स बायोलॉजी

टीबीच्या संशोधनाची बातमी आली की ‘कम्प्युटेशनल जीनोमिक्स’ आणि ‘सिस्टीम्स बायोलॉजी’ ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. गोंधळ व्हावा असंच आहे म्हणा. दोन्हीकडची माणसं संगणकासमोर, जिवाणू तोच, आणि दोघांच्या कामाचा पायाही एकच: एच३७आरव्ही या प्रयोगशाळेतल्या वाणाचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला जीनोम, म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला त्याचा संपूर्ण डीएनए. सुमारे ४४ लाख अक्षरं, जवळपास ४,००० जनुकं. दोघं त्याला विचारतात ते मात्र वेगळं.

जीनोमिक्सवाला अनेक जिवाणू शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक शोधतो. रुग्णाच्या थुंकीतून वाढवलेल्या जिवाणूचा डीएनए वाचायचा, त्याचे असंख्य तुकडे एच३७आरव्हीवर जुळवायचे आणि कुठे काय बदललंय ते पाहायचं. समजा, ७,६१,१५५ व्या जागी सीऐवजी टी सापडला. ही जागा आरपीओबी जनुकातली. टीसीजी या तीन अक्षरी शब्दाचं टीटीजी झालं, प्रथिनात सेरीन या घटकाच्या जागी ल्युसीन आलं आणि रिफॅम्पिसिन या औषधाला चिकटायची जागाच बिघडली. एक अक्षर फिरलं आणि मुख्य औषध हातचं गेलं. सरकारी दवाखान्यांतली जीनएक्स्पर्ट चाचणी याच जनुकाचा ८१ अक्षरांचा पट्टा तपासते. अशा बदलांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काढली, २०२३ मध्ये ती सुधारली. शिवाय हा जिवाणू बदलतो फार सावकाश, दोन वर्षांत साधारण एखादं अक्षर. त्यामुळे दोन रुग्णांच्या जिवाणूंत पाचपेक्षा जास्त अक्षरांचा फरक नसेल, तर लागण अलीकडची असावी असा अंदाज बांधता येतो. एक अडचण उरतेच. जीनोमचा जवळपास दहावा हिस्सा असलेली पीई आणि पीपीई जनुकं एकमेकांसारखी इतकी, की छोटे तुकडे नेमके कुठले ते कळत नाही. बरेचजण तो भाग सरळ वगळतात.

सिस्टीम्स बायोलॉजीवाला एकाच जिवाणूच्या आत शिरतो. कुठलं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) कशाचं काय करतं, ते बनवून कुठे पाठवतं, याची समीकरणं मांडतो: प्रत्येक पदार्थ जितका तयार होतो तितकाच वापरला जातो, असं धरून. मग संगणकावर एकेक जनुक बंद करून पाहायचं, जिवाणू वाढतो की अडतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने २००५ मध्ये जिवाणूच्या मेणचट भिंतीतल्या मायकोलिक आम्लं बनवणाऱ्या क्रियांच्या साखळीवर असंच काम केलं. आयसोनियाझिड हे टीबीचं औषध अडवतं ते इनएचए एन्झाइम याच साखळीतलं. संपूर्ण चयापचयाची मॉडेल्स २००७ मध्ये आली.

दोघांची गाठ पडते ती आरपीओसी या जनुकापाशी. आरपीओबीतला बदल जिवाणूला महाग पडू शकतो, कारण ते जनुक ज्या यंत्रणेचा भाग आहे, ती आरएनए बनवते. औषधाला दाद न देणाऱ्या अनेक जिवाणूंत शेजारच्या आरपीओसी जनुकातही बदल दिसतात. हे जीनोमिक्सने दाखवलं. पण त्यामुळे नुकसान भरून कसं निघतं, हे अक्षरं वाचून कळत नाही; तो प्रश्न सिस्टीम्स बायोलॉजीचा.

माझ्या मते खरा फरक दिसतो तो झोपलेल्या जिवाणूत. ऑक्सिजन कमी पडला की डॉसआर हे प्रथिन पन्नासेक जनुकं चालू करतं आणि वाढ जवळपास थांबते. अशा जिवाणूवर औषध नीट चालत नाही, आणि जीनोममध्ये मात्र एकही अक्षर बदललेलं नसतं. इथे जीनोमिक्सची यादी ‘औषध चालेल’ असंच सांगणार. साध्या टीबीलाही बहुधा सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

म्हणून सिस्टीम्स बायोलॉजीने सगळं सोडवलं, असंही नाही. तिची बहुतेक मॉडेल्स जिवाणूचं ध्येय ‘जास्तीत जास्त वाढ’ असं धरून चालतात. जो वाढतच नाही, त्याचं ध्येय काय मानायचं? शिवाय जवळपास चौथाई जनुकं नेमकं काय करतात ते ठाऊक नाही. समीकरणात त्यांना जागाच मिळत नाही. जीनोमिक्सचा अहवाल आज डॉक्टरच्या टेबलावर पोहोचतो. सिस्टीम्स बायोलॉजीची मॉडेल्स अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहेत, पुढचं औषध कुठल्या एन्झाइमवर रोखायचं ते ठरवायला.