तेरा टक्क्यांची चिंता : पार्श्वभूमी

मध्य प्रदेशात राज्यसेवा परीक्षेच्या 13 टक्के पदांचा निकाल राखून ठेवला गेला; त्यात अडकलेल्या परीक्षार्थींच्या चिंतेची ही पार्श्वभूमी. भीती कशाची तरी असते. चिंतेला तसं बोट दाखवता येत नाही. हा भेद एका डॅनिश तत्त्वज्ञाने 1844 मध्ये मांडला आणि चिंतेचं मूळ शक्यतेत, न ठरलेल्या गोष्टीत, शोधलं. 1927 मध्ये एका जर्मन तत्त्वज्ञाने तो धागा पुढे नेला. 1980 च्या अमेरिकन निदानपुस्तिकेने चिंतेचे वेगवेगळे विकार पाडले आणि विषय बराचसा दवाखान्याकडे गेला. कोचिंग क्लासमध्येही समुपदेशक हवा, हा जुलै 2025 चा न्यायालयीन निर्देश याच वाटेवरचा.

इंदूरच्या मराठी घरांत सरकारी नोकरीची ओढ होळकरशाहीपासूनची. 1956 मध्ये मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली, तरी राज्यसेवेच्या परीक्षा घेणारा आयोग इंदूरलाच आहे. इंदूरच्या भंवरकुआँ भागातले क्लास, भाड्याच्या खोल्या, डबे हे सगळं त्याच्याच भोवती वाढलं.

आजच्या अस्वस्थतेचं मूळ 2019 मध्ये आहे. राज्यातलं ओबीसी आरक्षण 14 वरून 27 टक्के झालं. अनुसूचित जातींचे 16 आणि जमातींचे 20 धरले की बेरीज 63 होते, म्हणजे आरक्षणाची पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. प्रकरण कोर्टात गेलं. 2022 मध्ये सरकारने तोडगा काढला : 87 टक्के पदांचा निकाल लावायचा, वादातले 13 टक्के (27 वजा 14) राखून ठेवायचा. त्या 13 टक्क्यांसाठी ओबीसी आणि अनारक्षित अशा दोन याद्या. कोर्ट ज्या बाजूने निकाल देईल ती लागू. भरती पूर्ण थांबली नाही, हा त्याचा फायदा खरा. पण नापास झालेला मुलगा निदान दुसरी वाट धरतो. ‘होल्ड’वरच्या, म्हणजे या 13 टक्क्यांत अडकलेल्या मुलाला तेही जमत नाही. पुन्हा परीक्षेला बसायचं की थांबायचं? स्थळाच्या बायोडाटात काय लिहायचं? मुलींना तर घरून मिळालेली मुदतच संपत येते. वय वाढतं ते वेगळंच. यातल्या कुणाला मन खंबीर करायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं; जे अडलंय ते फाइलीत अडलंय.

डिसेंबर 2024 च्या थंडीत परीक्षार्थी आयोगाच्या कार्यालयासमोर रात्रंदिवस बसले. उत्तरपत्रिका दाखवा, पदं वाढवा, 87-13 रद्द करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. चर्चेनंतर आंदोलन मिटलं. 13 टक्क्यांचा प्रश्न मात्र न्यायप्रविष्ट म्हणून बाजूला ठेवला गेला.