भिंतीवरचा रानमेंढा: मराठवाड्यातल्या जुन्या शिकारींची पार्श्वभूमी

मराठवाड्यात रानमेंढी नाही आणि कधी नव्हतीही. इथल्या माळांवर काळवीट आणि चिंकारा होते, अजिंठ्याच्या डोंगरात बिबट्या आणि वाघ होते, किनवट-माहूरकडच्या सागवानी जंगलातही वाघ होते. त्यामुळे एखाद्या गढीत किंवा जुन्या बंगल्याच्या दिवाणखान्यात काळविटांच्या रांगेशेजारी जाडजूड, मागे वळून पुन्हा गालाजवळ आलेल्या शिंगांचं डोकं दिसलं, तर ते दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून आलं आहे असं समजावं. ते लडाखचं असेल, काश्मीरपलीकडचं असेल, क्वचित मध्य आशियातल्या पामीर पर्वतांतलंही असेल. ते इथवर कसं आलं हे कळण्यासाठी इथला शिकारीचा इतिहास आणि कातडं टिकवण्याचं तंत्र, दोन्ही पाहावं लागतं.

अजिंठ्याच्या 10 क्रमांकाच्या लेण्यातल्या एका खांबावर जॉन स्मिथ या मद्रास फौजेतल्या घोडदळ अधिकाऱ्याने आपलं नाव आणि एप्रिल 1819 ही तारीख कोरून ठेवली आहे. तो वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या त्या घळीत आला होता. गोऱ्या अधिकाऱ्यांची शिकार या मुलखात किती जुनी आहे, याचा याहून ठळक पुरावा नाही. पुढे हैदराबाद कंटिंजंट ही निजामाच्या खर्चाने चालणारी आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई) इथे तळ ठोकून होती. जालन्यालाही छावणी होती. छावणीतल्या अधिकाऱ्याला लांब रजा मिळाली की काश्मीर गाठायचं, तिथून परवाना घेऊन लडाखकडे चढायचं, हा त्या काळी रूढ झालेला क्रम होता. परत येताना सामानात शिंगं असत.

दुसरी वाट दरबारी होती. सहावे निजाम मीर महबूब अली खान वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते आणि त्यांच्या दरबाराचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी शिकारीचे प्रसंग काचेच्या पट्ट्यांवर उतरवून ठेवले. राजा जे करतो ते जहागीरदार करतो, जहागीरदार करतो ते देशमुख-देशपांडे करतात. दिवाणखान्यात शिंगं हवीतच, असा तो काळ होता.

आता मेंढ्याकडे येऊ. भारतात खऱ्या अर्थाने रानमेंढ्यांच्या दोन जाती आहेत. लडाखच्या नदीखोऱ्यांतला शापू, म्हणजे उरियल, आणि त्याहून उंचावर, चार हजार मीटरच्या वरच्या उघड्या पठारांवरचा नयन. नयन हा अर्गलीचा तिबेटी प्रकार आणि अर्गली म्हणजे जगातली सर्वांत मोठी मेंढी. भरल दिसायला मेंढीसारखा असला तरी मेंढी आणि बकरी यांच्या मधला आहे. पामीरच्या अर्गलीची शिंगं दीड मीटरहून लांब जातात. तेराव्या शतकात पामीर ओलांडलेल्या मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात आहे, की तिथले मेंढपाळ या शिंगांचे वाडगे करतात आणि कळपाभोवती शिंगांचंच कुंपण घालतात. 1841 मध्ये एडवर्ड ब्लाइथने त्या मेंढीचं शास्त्रीय वर्णन केलं आणि तिला मार्को पोलोचंच नाव दिलं.

ही शिंगं इतकी हवीहवीशी का झाली? हरणवर्गातल्या चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. मेंढ्याचं शिंग आयुष्यभर वाढत राहतं. हिवाळ्यात वाढ मंदावते आणि तिथे कडं उमटतं, त्यामुळे शिंगावरून वय मोजता येतं. शिंग जितकं लांब तितका एडका म्हातारा, आणि तितकाच कळपातला अनुभवी. लंडनच्या रोलँड वॉर्ड या टॅक्सिडर्मी, म्हणजे मेलेल्या प्राण्याचं कातडं भरून टिकवण्याचं काम, करणाऱ्या पेढीने 1892 पासून मोठ्या शिकारींच्या मापांची यादी छापायला सुरुवात केली. वळणावरून लांबी, बुडाशी घेर, मारणाऱ्याचं नाव. त्या यादीने शिकारीला आकड्यांची शर्यत करून टाकलं. कळपातले सर्वांत मोठे नर नेमके निवडून मारण्याची सवय त्यातून पक्की झाली, आणि याचा मला खरोखर राग येतो.

नुसता प्राणी मारून भागत नव्हतं, त्याचं डोकं टिकवणं अवघड होतं. कातड्याला कसर लागे, किडे केस पाडत. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेत्स शहरातल्या बेकर नावाच्या औषधविक्याने सोमल (आर्सेनिक हे विष), साबण, कापूर आणि चुना यांचं मिश्रण शोधलं. कातड्याच्या आतल्या बाजूला ते फासलं की कीड जवळ येईना. ही कृती त्याने गुप्त ठेवली, ती त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आली आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षं जगभर चालली.

मेंढ्याचं डोकं बसवणं हे काळविटापेक्षा जिकिरीचं काम. कातडं खांद्यापासून एका तुकड्यात उतरवायचं. चीर गळ्याखालून घ्यायची नाही, मानेच्या मागून घ्यायची, म्हणजे शिवण भिंतीकडे जाते. वर आल्यावर चीर दोन्ही शिंगांच्या बुडांकडे दुभंगते. कान उलटे करून आतली कूर्चा सोडवायची, ओठ आणि पापण्या आतून चिरून पातळ करायच्या आणि लगेच भरपूर मीठ चोळायचं. एवढ्यात हयगय झाली तर केस झुबक्यांनी सुटतात आणि मग कुठलाही कारागीर काही करू शकत नाही. शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावरची खोळ. मधला मांसल थर कुजला की दुर्गंधी आणि किडे दोन्ही येतात, म्हणून बुडं उकळून खोळी ओढून काढतात, सच्छिद्र गाभा साफ करून वाळवतात आणि खोळी पुन्हा बसवतात. मोठ्या अर्गलीच्या शिंगांचं वजन वीस किलोंच्या पुढे जाऊ शकतं, त्यामुळे हे सगळं भिंतीवर पेलणारा आतला आधार भक्कम लागतो.

जुन्या कामात खरी कवटी लाकडी फळीवर ठोकून मानेत भुसा, ताग किंवा गवत दाबून भरत. म्हणूनच जुनी डोकी गोणपाटासारखी फुगलेली दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कार्ल एकली याने स्नायूंचे उठाव दाखवणारा हलका साचा आधी घडवून त्यावर कातडं चढवण्याची पद्धत पक्की केली. आता साचे फोमचे असतात. काचेचा डोळा ही शेवटची परीक्षा. मेंढीची बाहुली आडवी असते आणि मान झुकवली तरी ती जमिनीला समांतर राहते. गोल बाहुलीचा डोळा बसवलेलं डोकं मराठवाड्यातला कुठलाही धनगर एका नजरेत चूक म्हणून ओळखेल. कातडं वाळायला कित्येक आठवडे लागतात आणि वाळताना नाका-पापण्यांचा रंग उडतो, तो हाताने पुन्हा भरावा लागतो.

भारतात या कामाचं सर्वांत मोठं नाव म्हैसूरचं व्हॅन इंगेन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिलेला हा कारखाना शतकाच्या अखेरीस बंद झाला. संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी दोघेही त्याचे गिऱ्हाईक. तिथे कागदाच्या लगद्याचे साचे वापरत आणि वाघ-बिबट्यांची कातडी हजारोंनी येत.

याच काळात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 साली सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, तीही आपल्या शेजारच्या खानदेशातून. तिथेही प्राणी मारलेच गेले, पण प्रत्येक कातड्याला चिठ्ठी बांधली गेली: गाव, तारीख, माप, नर की मादी. शंभर वर्षांनीही ती कातडी अभ्यासाला उपयोगी पडतात. दिवाणखान्यातल्या डोक्यांना बहुधा अशी चिठ्ठी नाही. ती नसल्यामुळे आपल्याच माळांवरच्या काळविटाचा केवढा तरी इतिहास हरवला आहे.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या. वाडे राहिले, उत्पन्न गेलं, शिकार मात्र थांबली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळात जीप आणि सर्चलाइटने माळावरच्या काळविटांची जी कत्तल झाली, ती जहागीरदारांनाही जमली नव्हती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या बदलांनी काळवीट, चिंकारा, शापू, नयन, भरल हे सगळे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, घातले आणि घरातल्या ट्रॉफींची नोंद करणं बंधनकारक केलं. 1986 च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांच्या टॅक्सिडर्मीचा व्यवसाय बंद झाला, 1991 मध्ये परवान्याची शिकारही संपली. 2003 मध्ये नोंद राहून गेलेल्यांना 180 दिवसांची संधी मिळाली होती. विक्रीला पूर्ण मनाई आहे, वारसाहक्काने वस्तू मिळाली तर 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं जाहीर करावं लागतं. (पाकिस्तान आणि ताजिकिस्तानात परदेशी शिकाऱ्यांना मोठं शुल्क घेऊन रानमेंढ्याचा परवाना आजही मिळतो. आपल्याकडे तो मार्ग नाही.)

आज माळवदी वाडे विकले जातात, पाडले जातात, तेव्हा या डोक्यांचं काय करायचं हा प्रश्न खरा उभा राहतो. वरून पांढरी माती गळते, उन्हाळ्यात कातडं तडकून ओठ उघडे पडतात, पावसाळ्यात कसर लागते. घाबरून रात्रीतून जाळून टाकणं किंवा गोदावरीत सोडणं हे दोन्ही टाळावं. जुन्या कातड्यात सोमल असू शकतो, धूर आणि पाणी दोन्ही विषारी होतात. हातमोजे आणि मास्क घालूनच हात लावावा, कोरड्या झाडूने झटकू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये. मालकी प्रमाणपत्र असेल आणि वस्तू नको असेल, तर 2022 च्या दुरुस्तीनुसार मुख्य वन्यजीव रक्षकांना सात कामकाजी दिवसांची सूचना देऊन ती सरकारजमा करता येते. मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्र नसेल तर वस्तू बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो, म्हणून आधी वकिलाचा सल्ला घेऊन वन विभागाकडे जावं.

देण्याआधी मागच्या फळीचा फोटो काढून ठेवा, तिथे कारखान्याचं लेबल, साल किंवा पेन्सिलने लिहिलेली मापं असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणी, कुठे, कधी मारलं हे विचारा आणि त्यांना आठवेल तेवढं कागदावर उतरवून वस्तूसोबत द्या.